वीस मिनिटं हालचाल नाही

२ मार्च
छतावर पॅनेल, जिन्याखाली बॅटरी. फिटर वायरी जोडून गेला. ॲपला जोडायचं काम माझं. फिटर म्हणाला, साहेब, आमचा माणूस दोन तासांत करून देईल. म्हटलं, गरज नाही, व्हिडिओ पाहिलेत मी. एक नाही, तीन.
हेतू एकच. लाईट गेली तरी बाबांचं ऑक्सिजनचं मशीन थांबता कामा नये. आत्तापर्यंत लाईट गेली की बायको धावत जाऊन पलंगाखालचा सिलिंडर लावते. या काळात!

५ मार्च
ॲपला बॅटरी दिसत नाही. दोष राउटरचा.

६ मार्च, सकाळी ७
दिसली!
७.१०. शेजारच्यांचा टीव्ही होता.

९ मार्च
जोडली एकदाची. आता घर माझ्या मुठीत. बाबांना फोनवर सगळं दाखवलं. पस्तीस वर्षं सबस्टेशनात खटके ओढलेला माणूस, कौतुक करील असं वाटलं. म्हणाले, छान आहे, पण माझ्या हाताशी भिंतीवर एक साधं बटण दे. मशीन बंद पडलं तर माझं मी चालू करीन. म्हटलं, बाबा, बटणांचा जमाना गेला. त्यांनी भिंतीकडे कूस वळवली. पटलं असावं.

१२ मार्च
टेस्टिंग. मेन स्विच सात वेळा पाडला. दर वेळी क्षणभर वीज तुटते आणि मशीनची शिट्टी घर डोक्यावर घेते. बाबांची झोपमोड. शिट्टीचा सेल काढून ठेवला, बाबांसाठीच.
बायको म्हणते, परत घाल. घालतो उद्या.

१५ मार्च
काल लाईट तीन तास गेली आणि बॅटरी पार तळाला. कारण शोधलं : रिकाम्या खोल्यांत पंखे गरगरतात. उपाय : प्रत्येक खोलीत सेन्सर. लाईट गेलेली असताना वीस मिनिटं हालचाल नाही म्हणजे माणूस नाही. खोलीची वीज बंद. परत सुरू होणार ती फक्त माझ्या फोनवरून. शिस्त हवी.
सिलिंडर दुकानात परत कर म्हटलं. बायकोने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.
सेल राहिलाच.

१८ मार्च
तीन दिवस लाईट गेलेली नाही. म्हणू नये, पण जायला हवी एकदा.

१९ मार्च, दुपारी ३.२०, ऑफिस
गेली! फोनवर मेसेज : खोली नंबर दोन रिकामी, वीज वाचवली. शेजारच्या टेबलावरच्याला दाखवला. तोही म्हणाला, वा, घर स्वतः विचार करतं की.

१९ मार्च, संध्याकाळ, हॉस्पिटल
खोली नंबर दोन बाबांची.
बायको भाजी घेऊन आली तेव्हा बाबांचे ओठ निळे पडले होते. सिलिंडर तिनेच लावला. मला नऊ फोन केले होते म्हणे. फोन माझ्या टेबलावर होता आणि मी टेबलाटेबलावर मेसेजची गोष्ट सांगत फिरत होतो.

२० मार्च
बाबा शुद्धीवर आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी पाच मिनिटं गेली असती तर...
शांतपणे विचार केला. सॉफ्टवेअरची चूक नाही. सांगितलं तेच त्याने केलं. बाबा जरा हलले असते तर? नुसता एक हात? हे ताईपाशी बोललो. ताई म्हणाली, हलायलाही श्वास लागतो रे.
बोलायला नको होतं.

२४ मार्च
ताई बाबांना तिच्या घरी घेऊन गेली. तात्पुरतं, असं मी समजतो. तिच्याकडे साधा इन्व्हर्टरसुद्धा नाही. दोन सिलिंडर आहेत आणि ताई आहे.
गाडीत बसताना बाबा म्हणाले, बॅटरी चांगली आहे हो तुझी. हे बोलायला त्यांना दोनदा थांबावं लागलं.


२९ मार्च
बॅटरी शंभर टक्के. सेल घातला... नाही, हे खोटं. मशीन ताईकडे गेलं. शिट्टीही त्यातच गेली. सेल अजून माझ्या खणात आहे.
दुपारी लाईट गेली. बाबांच्या पलंगावर जाऊन पडलो. मुद्दाम हललो नाही. बघायचं होतं. वीस मिनिटांनी पंखा थांबला. खिशातल्या फोनवर मेसेज आला असणार. काढला नाही. भिंतीकडे हात लांब केला, जिथे बाबांनी बटण मागितलं होतं तिथे.
नुसती भिंत लागली.