चेटकिणीला पहिल्याच प्रकरणात मारलं

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून कादंबरीचा दुसरा भाग. ऑफिसातून महिनाभराची बिनपगारी रजा काढली. साहेब म्हणाले, गोदामाची बिलं कोण बघणार? मनात म्हटलं, तुम्हीच बघा, इथे अख्खं राज्य राक्षसांच्या ताब्यात आहे. तोंडाने सॉरी म्हणालो.

पहिला भाग लोकांनी डोक्यावर घेतला तो माझ्या नकाशांमुळे, यात शंका नाही. तरी जो तो चेटकिणीचं कौतुक करतो. ड्रॅगनशी लढायचं सोडून तिने गुहेच्या भाड्यावरून त्याच्याशी घासाघीस केली, ते प्रकरण म्हणे लोक घरात मोठ्याने वाचतात. माझ्या शूरवीराचं कुणी नावही काढत नाही. वाचक भोळा असतो.

संकल्प: रोज एक प्रकरण.

४ फेब्रुवारी
प्रकरण झालं नाही. उजेडाचा त्रास. टेबल खिडकीकडे सरकवलं.

५ फेब्रुवारी
खिडकीत फारच उजेड. टेबल परत आणलं. बायको म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. तिला सर्जनशील माणसाच्या गरजा कळत नाहीत.

६ फेब्रुवारी
ताईचा फोन. खेळायला कधी बसायचं, म्हणून.

पहिल्या भागाच्या वेळी तिच्या शिवणाच्या दुकानात, कापडं बेतायच्या टेबलावर आम्ही प्रत्येक प्रसंग आधी खेळायचो. ती चेटकीण. राक्षस, दुकानदार, वादळ, शूरवीर, बाकी सगळं मी. फासा टाकायचा, पडेल ते दान खरं. मग घरी येऊन मी लिहायचो. चेटकिणीच्या तोंडची वाक्यं ती नुसती बोलायची. लिहिली मी. बोलणं आणि लिहिणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सांगितलं, या वेळी मी एकटाच, हा भाग गंभीर आहे. ती म्हणाली, अरे, बरं नाही म्हणून दुकान बंदच ठेवलंय, टेबल मोकळं आहे, ये की. म्हटलं, आराम कर.

९ फेब्रुवारी
जबरदस्त कल्पना! चेटकिणीला मारायचं. पहिल्याच प्रकरणात. दलदलीत, एकटी. त्याने कथेला वजन येतं. तिने पुढे काय बोलावं हे चार दिवस सुचत नव्हतं, हा निव्वळ योगायोग.

एका बैठकीत प्रकरण पूर्ण. फासा टाकला नाही. लेखकाला फासा लागत नाही. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ताईंना विचारलंस का? विचारायचं काय त्यात? पात्र माझं आहे.

दुपारीच संपादिकाबाईंना पाठवून दिलं.

१२ फेब्रुवारी
भाऊजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, फोन. ताईला ॲडमिट केलंय. पोटात गाठ. अठराला ऑपरेशन. येतोस ना, म्हणाले. हो म्हणालो.

रजा आहे, नाही असं नाही. पण ती कादंबरीसाठी काढलेली. अशी उधळून कसं चालेल?

१३ फेब्रुवारी
घसा खवखवतोय. पेशंटला लागण नको, म्हणून गेलो नाही. त्याऐवजी पहिलं प्रकरण मोबाइलवर पाठवलं. पडल्या पडल्या तिला तेवढीच करमणूक.

१४ फेब्रुवारी
ताईचा फोन. आवाज खोल गेलेला. एवढंच विचारलं, फासा टाकला होतास का? नाही म्हणालो. मग कशी मेले मी, म्हणाली. दलदलीतून दोनदा बाहेर आलेय, तुला आठवत नाही? फासे घेऊन ये, इथेच खाटेवर टाकू. दान पडलं तर मरेन की, रड नाही. पण तू म्हणतोस म्हणून नाही मरायची.

आजारी माणूस चिडचिडा होतो, मनावर घ्यायचं नसतं. तरी उद्या जाईन.

१५ फेब्रुवारी
प्रिंटरची शाई संपली. तिच्यामागे दिवस गेला.

१६ फेब्रुवारी
बायको एकटीच हॉस्पिटलात जाऊन आली. म्हणाली, ताई सारख्या दाराकडे बघत होत्या. मी म्हटलं, वॉर्डला दार एकच, माणूस बघणार कुठे? ती जेवली नाही. मला मात्र दुसऱ्या प्रकरणाची सुरुवात सुचल्यासारखी वाटली. मग डोक्यातून गेली.

१७ फेब्रुवारी
फासे पिशवीत टाकले. निघालोच होतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला दगदग नको, असा विचार केला. उद्या लवकर गाठतो. खेळू, तिला जिंकू देऊ, वाटल्यास जिवंतही करू.

१८ फेब्रुवारी
चुकीच्या गेटने शिरलो. वर पोचलो तोवर तिला आत नेलं होतं. भाऊजी म्हणाले, आत्ताच, तुलाच विचारत होती.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. फार पसरलं होतं म्हणाले, टेबलावरच गेल्या. भाऊजी खाली फरशीवर बसले. मला कुठे बसावं कळेना.

२० फेब्रुवारी
लिहिलं नाही.

२६ फेब्रुवारी
चेटकिणीला परत आणायचा प्रयत्न केला. दलदलीतून बाहेर आली. तोंड उघडेना. पानभर नुसती उभी. फाडलं.

३ मार्च
रजा संपली. गोदामाची महिनाभराची बिलं तशीच पडलेली.

ऑफिसातच संपादिकाबाईंचा फोन. पहिलं प्रकरण आत्ता वाचलं म्हणाल्या. चेटकीण जाते तिथे रडू आवरलं नाही. माझ्या लिखाणावर आजवर कुणी रडलं नव्हतं. थँक यू म्हणालो. मग म्हणाल्या, एक अडचण आहे हो, ती गेल्यावर पुढे हसू येत नाही. आता या भागात विनोद कोण करणार?

विचारून सांगतो, म्हणालो. आणि फोन ठेवून सरळ ताईचा नंबर लावला.

भाऊजींनी उचलला. हॅलो, हॅलो म्हणत राहिले.