पाळीवर राहिलेले बूट

रविवार, संध्याकाळ

आज फिरायला जाणाऱ्यांच्या मंडळात पहिलाच दिवस. सुनेने आणलेले पांढरे बूट घालून मंडळासोबत तलावावर गेलो. आम्ही मासे धरणारे, पाणी दिसले की पाय आपोआप मोकळे करतो. बूट पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, काढले आणि परतताना तसाच अनवाणी निघालो. अर्ध्या वाटेत मंडळातले म्हातारे गुरुजी ओरडले, "काहो भाऊ, बूट मासोळ्यायले देऊन आले का?" सगळे हसले. वाटले, संपले. आता हे मला कायले बोलावतील? पण गुरुजीच माझ्यासोबत मागे फिरले. बूट होते तिथेच होते. गुरुजींनी आपलेही काढून हातात घेतले. म्हणाले, "मले बी सकाळपासून चावून राहिले." दोघेही अनवाणीच आलो. पुढच्या रविवारी बूट घालावेत की नाही, एवढेच आता ठरायचे आहे.