मर्ना आत झोपली आहे

डुलुथ, मिनेसोटा
१२ ऑक्टोबर १९८६

ती. लेंपीताईस,
आर्वोचा सा. न. वि. वि.

खुर्चीत बसूनच पुढचं वाच. घर विकलं आणि गाडी घेतली. साधी मोटार नव्हे, राहती गाडी, मोटारहोम. १९७१ सालची. आत शेगडी, मोरी, पलंग, टेबल, सगळं आहे. सायमी आणि मी संसारभर मासिकांतून जिची चित्रं कापून ठेवायचो ना, त्याच जातीची, फक्त म्हातारी. सायमी एप्रिलमध्ये गेली नसती तर दोघांनी मिळून नवी घेतली असती आणि रंगावरून भांडलो असतो. एकट्याला जुनी पुरे. पदरी पडलं, पवित्र झालं.

विकणारा पोरगेला होता, गाडी त्याच्या आत्याची. त्याने टायरांची नक्षी दाखवली, अगदी कोरी. मी वाकून पाहिलं तर कडेच्या रबराला भेगा. टायर चालून झिजले नव्हते, उभ्या उभ्या म्हातारे झाले होते. दाराजवळ पायाखालची फळी मऊ लागली. पलंगाकडच्या भिंतीवर अंगठा दाबला तर भिजल्या पावात रुतावा तसा रुतला. शहाणा माणूस तिथूनच परत फिरतो. मी आत टेबलाशी जाऊन बसलो. समोर एक बाक होतं, रिकामं. आमच्या घरात सगळ्याच खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या, इथे एकच बाक. मी तिथेच सौदा पक्का केला.

गाडीच्या पाठीवर आधीच्या मालकांची लाकडी पाटी आहे, ‘वॉल्डो आणि मर्ना’. अशा गाड्यांवर नवराबायकोची नावं लावायची पद्धतच आहे. ती मी काढणार नाही. स्क्रू काढले की भोकं पडणार, आणि जुन्या गाडीला भोक म्हणजे पाण्याला आवतण. आधीच छपरावरच्या झरोक्याच्या कडेने गळतंय. तुझे यजमान छपरं घालायचे, तेव्हा काय लावायचं ते तूच कळव. नळांत पाणी गोठायच्या आत दक्षिणेला निघतो. हिवाळा ॲरिझोनाच्या वाळवंटात, क्वार्ट्झसाइटला काढीन. तिथल्या पोस्टात माझ्या नावाने पत्र टाक, मी जाऊन घेईन.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा,
आर्वो


हॅनकॉक, मिशिगन
२० ऑक्टोबर १९८६

चि. आर्वो यास,
अनेक आशीर्वाद.

खुर्चीत बसूनच वाचलं, बरं झालं. राहतं घर विकून पत्र्याचा डबा घेतलास! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण या विंचवाचं वय काय! सायमीला पुरून आलो तेव्हा मी तुला म्हटलं होतं की माझ्याकडे ये, वरची खोली रिकामीच आहे आणि चुलीची ऊब तिथवर पोचते. तू मान हलवलीस. ती मान होकाराची नव्हती, हे आता कळलं. रागावले नाही असं लिहिणार होते, पण खोटं लिहायची सवय नाही.

छपराचं सांगते. झरोक्याभोवतीच्या फटी बुजवलेलं जुनं लुकण खरवडून काढ, खालचा पत्रा दिसेपर्यंत. मग कोरडा दिवस बघून नवं लाव. जुन्यावरच नवं थापलं तर वरून झकास दिसतं आणि खालून पाणी शिरतं. ह्यांनी जन्मभर लोकांना हे सांगितलं आणि लोकांनी जन्मभर थापलंच. पाटी मात्र काढ. स्क्रूची भोकं बुजवायला बोटभर लुकण पुरतं, ही सबब छपरं घालणाऱ्याच्या बायकोला सांगू नकोस. दुसऱ्याच्या नावाने हिंडणं मला बरं दिसत नाही.

इकडे बर्फ पडायला लागला. शनिवारी वाफेच्या न्हाणीसाठी सॉना तापवायचा म्हटलं तर एकटीसाठी लाकडं वाहणं जिवावर येतं. पुष्कळदा तशीच अंग पुसून झोपते. तू आला असतास तर लाकडं तुला वाहायला लावली असती, एवढंच.

गप्प बसायची तुझी खोड मला ठाऊक आहे. बरंवाईट जे असेल ते कळवत जा, इथे एक म्हातारी पोस्टमनची वाट बघत असते.

ताई


क्वार्ट्झसाइट, ॲरिझोना
९ डिसेंबर १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पोचलो. चढावर इंजीन तापायचं आणि उतारावर ब्रेक, त्यामुळे निम्मा देश मी रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहिला. गाडीतला फ्रिज तर सासुरवाडीच्या पाहुण्यासारखा आहे. गाडी जराशी कलती उभी राहिली की रुसतो, थंडच होत नाही. म्हणून पोचल्या पोचल्या चाकांखाली फळ्या सरकवत बसलो होतो.

तेवढ्यात शेजारच्या गाडीतल्या बाई पातळी बघायची पाणसळ घेऊन मदतीला आल्या. डेल्फीन त्यांचं नाव, नेब्रास्काच्या. त्यांनी पाटी वाचली होती, वॉल्डो म्हणून हाक मारली. मी मान वर केली. चूक सुधारणारच होतो, पण त्यांनी लगेच मर्ना कुठे आहे म्हणून विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की ती आत झोपली आहे.

तिथेच थांबायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तेव्हा म्हटलं की तिचं डोकं फार दुखतं, उजेड सोसत नाही. आता इथल्या राहत्या गाड्यांची अख्खी वस्ती मला वॉल्डो म्हणते. संध्याकाळी शेकोटीजवळ माझ्यासाठी खुर्ची मांडलेली असते. डेल्फीनबाई मक्याचा पाव नाहीतर घेवड्याचं सूप देतात, दोघांपुरतं. मी दोघांपुरतं खातो, पँट कमरेत होईनाशी झाली आहे.

हसू नकोस, ताई. माझ्या गाडीजवळ आले की हे लोक आवाज खाली आणतात, मर्नाची झोपमोड होऊ नये म्हणून. ते कुजबुजायला लागले की मलाही वाटतं, आत कुणीतरी आहे. मग मी दार हळूच उघडतो आणि बूट हातात घेऊन आत शिरतो. सायमी गेल्यापासून इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. बायको वारली असं सांगितलं असतं तर दोन दिवस हळहळले असते, आणि मग काय बोलावं ते न सुचून मला टाळू लागले असते. डुलुथला तेच झालं.

छपराचं काम केलं. जुनं लुकण दगडासारखं झालंय. निम्मं खरवडलं आणि वरून नवं फासलं. इथे म्हणे पाऊस पडतच नाही.

नाताळच्या पत्रात शिव्या कमी आणि आशीर्वाद जास्त धाड.

आर्वो


हॅनकॉक
१९ डिसेंबर १९८६

चि. आर्वो यास,
आशीर्वाद आधी, कारण पुढे ते नाहीत.

खोट्याच्या कपाळी गोटा. त्या बाईंना खरं काय ते सांग, आणि आजच सांग. उद्या तुला काही झालं तर ते लोक कुणाला हाक मारतील, वॉल्डोला? माझ्या भावाला ओळखणारं तिथे एक माणूस नाही. आणि सायमीच्या जागी ही डोकेदुखीवाली मर्ना कशाला आणून बसवलीस? सायमीचं डोकं कधी दुखलं नाही, ती दुसऱ्यांचं दुखवायची. पत्त्यांत फसवायची आणि पकडली गेली की मोठ्याने हसायची. अशा बाईला लपवून ठेवायचं आणि खोटीला सूप पाजायचं, हा कुठला न्याय?

छपरही पुरतं खरवड. पाऊस पडत नाही असं जिथे म्हणतात तिथे तो विचारून येत नाही.

नाताळला वेलदोड्याचा पाव भाजला, त्यातला निम्मा टपालाने पाठवते आहे. शिळा होईल, तरी खा. रागावते ती आपली म्हणूनच, हे विसरू नकोस.

ताई


क्वार्ट्झसाइट
२१ जानेवारी १९८७

श्रीमती लेंपीबाई यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. पत्ता तुमच्या भावाने दिला, म्हणजे ज्याला आम्ही वॉल्डो म्हणत होतो त्याने. त्याला न्यूमोनिया झाला होता. आता धोका टळला आहे, तेव्हा धीराने पुढचं वाचा.

इथे सहसा होत नाही ते झालं, पाऊस लागून राहिला. पाणी छपरातून थेट त्याच्या पलंगावर गळत होतं आणि तो त्याच भिजल्या गादीवर तापाने पडून होता. शेकोटीला दिसला नाही म्हणून मंडळी चौकशीला निघाली, तर मीच सगळ्यांना अडवलं. म्हटलं, मर्ना आहे जवळ, दोघांना निवांत असू द्या. सूप पायरीवर ठेवून आले. दुसऱ्या दिवशी ते तसंच होतं, तरी मी म्हटलं की आजारपणात अन्न कुठलं जायला. हे सगळं तो आतून ऐकत होता. घसा बसल्यामुळे त्याला आवाज देता येईना. शेवटी माझ्या यजमानांनी दार फोडलं. आत तो एकटा होता.

आम्हाला वाटलं, मर्ना मदत आणायला म्हणून चालत निघाली आणि वाट चुकली. उजेड न सोसणारी बाई वाळवंटात! त्याला रुग्णवाहिकेत घातलं आणि आम्ही सगळे म्हातारे, एकाचाही गुडघा धड नाही, काठ्या टेकत चहूकडे पांगलो. दिवस मावळेपर्यंत मर्नाला हाका मारत होतो. पोलीसही आले होते. दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला तेव्हा त्याने खरं सांगितलं.

मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. माझा घसा अजून दुखतो. पण त्याच्या दारावरून ये-जा करत होते ती मीच, तेव्हा राग काढायचा तरी कुणावर? त्याला बायको होती का, तिचं काय झालं, हे त्याला विचारायचा मला धीर होत नाही. तुम्ही कळवाल का?

परकीने हक्काने लिहिलं, गैर वाटून घेऊ नका.

डेल्फीन


हॅनकॉक
२८ जानेवारी १९८७

सौ. डेल्फीनबाई यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या यजमानांनी दार फोडलं म्हणून आज मला भाऊ आहे. हे उपकार फेडायची माझी ऐपत नाही.

त्याचं नाव आर्वो. बायकोचं नाव सायमी. ती एप्रिलमध्ये गेली. दोघांना मूल नव्हतं, पण त्या घरात शांतता कशी ती मी कधी पाहिली नाही. ती गेल्यावर तो माझ्यापाशी रडला नाही, सगळं नीट आवरलं, घर विकलं आणि ही गाडी घेतली. त्याने तुम्हाला फसवलं हे खरं. माझं एवढंच म्हणणं आहे की तुमच्याआधी तो स्वतः फसला.

माझ्याने यायला होत नाही. इथे चूल विझली की नळ फुटतात, आणि इतका प्रवास आता या हाडांना झेपत नाही. म्हणून तुम्हालाच मागते. तुमचा राग जाऊ दे असं म्हणत नाही, पण रागातसुद्धा त्याला आर्वो म्हणा. आणि त्याच्याजवळ सायमीचं नाव काढा.

एका म्हातारीचं एवढं मागणं पदरात घ्या.

लेंपी


क्वार्ट्झसाइट
१५ फेब्रुवारी १९८७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परत गाडीत आलो. मी नव्हतो तेव्हा डेल्फीनबाईंच्या यजमानांनी छपरावर चढून जुनं लुकण पार पत्र्यापर्यंत खरवडलं आणि कुजलेली भिंत कापून नवी फळी बसवली. ते काम करतात, पण माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. बाकीच्यांपैकी काहीजण मान फिरवून जातात. त्यांचं चुकत नाही. मर्नाला शोधताना एक बाई पडून तिचं मनगट मुरगळलं. तिची माफी मागायला गेलो, तर तिने दार उघडलं नाही.

तुला एक गोष्ट सांगायची आहे, ती आणखी कुणाला सांगता येणार नाही. तापात पडलो होतो तेव्हा डेल्फीनबाईंचा आवाज बाहेरून स्पष्ट ऐकू आला, की मर्ना आहे जवळ. घशातून शब्द फुटत नव्हता. आणि ताई, ते ऐकून मीसुद्धा मान वळवून पाहिलं. कुणी नव्हतं. पाऊस वाजत होता. पुढचं काही आठवत नाही, पण तेवढी भीती मला जन्मात कधी वाटली नव्हती.

काल डेल्फीनबाई आल्या. पायरीशी उभ्या राहून त्यांनी आर्वो म्हणून हाक मारली, जरा अडखळत. मी त्यांना विनंती केली की तुम्ही हाका मारत कुठवर गेला होता ते मला दाखवा. कोरड्या ओढ्यापर्यंत आम्ही सावकाश चालत गेलो. त्यांनी विचारलं, सायमी कशी होती. मग मी सांगतच सुटलो. घरात चष्मा सापडेना की मी हाक मारायचो, ती असेल तिथून ओ द्यायची, पण जागची उठायची नाही, चष्मा शेवटी मीच शोधायचो. बाई हसल्या. कितीतरी महिन्यांनी तिच्यावरून कुणी हसलं.

मग मी घसा खाकरला आणि सायमीला हाक मारली. मोठ्याने, घरात मारायचो तशी. ओ येते का ते ऐकायला थांबावं, तशा डेल्फीनबाई माझ्याबरोबर थांबल्या. आम्ही बराच वेळ उभे होतो.

एप्रिलपासून मी तिला एकदाही हाक मारली नव्हती, ताई. हाक मारली नाही, तोवर ओ येणार नाही हे कळत नाही.

येताना रडलो. बाईंनी हात धरला होता. वसंतात तुझ्याकडे येईन की नाही ते अजून ठरत नाही, उगाच शब्द देत नाही.

उत्तर मात्र लवकर धाड. कुणाची तरी ओ यायला हवी.

तुझा,
आर्वो