पत्रावळ उचलायची कुणी

१३ जाने. ९७, बारामती
माती तपासणीच्या खोलीत विंडोजचं मशीन आलं. नवे साहेब भले, पण म्हणाले, तात्या, हणमंतरावांचा जुना प्रोग्रॅम काढून टाका, सगळं बेसिकमध्ये नव्यानं लिहा. ह.नं आठ वर्षं इंदापूरच्या पाणी न मुरणाऱ्या चोपण जमिनी तुडवून ते गणित सी भाषेत बसवलंय, कुठल्या रानाला जिप्सम किती घालायचं. आता तो लकव्यानं अंथरुणावर. आणि आम्ही त्याचं काम उकिरड्यावर टाकायचं? आठवड्याची मुदत मागितली. त्याची लायब्ररी, म्हणजे बांधून ठेवलेला प्रोग्रॅम, आहे तशी ठेवायची, बेसिकमधून फक्त हाक मारायची.

१४ जाने.
संक्रांत. हाक मारली, अन् प्रोग्रॅम जागीच आडवा. पडद्यावर इंग्रजीत, बोलावण्याची रीत चुकली. आकडे तर बरोबर दिले होते. सूनबाई म्हणते, मशीनला तिळगूळ द्या, गोड बोलंल.

१६ जाने., कळस
एसटीनं ह.च्या गावी. जीभ जड झालीय, वहिनी उलगडून सांगतात. सी चा मूळ मजकूर मिळाला तर लायब्ररी नव्यानं बांधता येईल म्हणून फ्लॉपी मागितली. डब्यातनं निघाली ती बुरशी धरलेली. ह.नं तोंड भिंतीकडं फिरवलं. मी उगाच चहा फुंकत बसलो.
मग मशीन काय म्हणतं ते सांगितलं. त्यानं डाव्या हातानं जेवणाची खूण केली. वहिनी ताट करायला उठल्या, तर मान हलवली. बऱ्याच वेळानं शब्द आले.
"लग्नात पत्रावळ... कोण उचलतं?"
यजमान, म्हटलं.
"भंडाऱ्यात?"
ज्याची त्यानं.
"मंग? सी म्हंजी लग्नातलं पाव्हणं हाय."
एवढंच ते! हाक मारताना मांडलेले आकडे म्हणजे पत्रावळ, काम झाल्यावर ते आवरायचे कुणी. बेसिकला वाटतं पाहुणा उचलेल, पाहुण्याला वाटतं यजमान. दोघं हात धुऊन मोकळे, पत्रावळ जाग्यावर. उपाय विचारला.
"मधी वाढपी ठेव."

१८ जाने.
दहा ओळींचा वाढपी, सी मध्येच. बेसिकशी भंडाऱ्याच्या रीतीनं वागतो, ह.च्या लायब्ररीची पत्रावळ स्वतः उचलतो. चालला!! ह.च्या जुन्या वहीतले मातीचे तीस नमुने घातले. एकोणतीस जुळले. तिसावा, ओढ्याकाठच्या रानाचा, नाही. वहीत ह.नं मशीनचा आकडा खोडून हातानं दुसरा लिहिलाय. कारण लिहिलेलं नाही. साहेबांना आयतं कोलीत...

१९ जाने.
कळसला शेजाऱ्यांच्या फोनवर वहिनींना बोलावून विचारलं. त्या आत जाऊन आल्या.
"ते म्हणत्यात, मला त्या रानात नेऊन बसवा, माती हातात घेतल्याबिगर न्हाय सांगता यायचं."

२० जाने.
मुदत संपली. लपवून काय करायचं, वही साहेबांपुढं उघडी ठेवली, ह.चा निरोपही सांगितला. तिसाव्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. मग म्हणाले, उद्या जीप कळसला न्या, मीही येतो. ह.चं काम ठेवायचं की काढायचं, ते अजून अधांतरीच.
ह.च्या पाठीला दोन उशा घ्यायच्या. ओढ्याकडचा रस्ता खराब आहे.