वीतभर दोरीची गाठ

अप्पा, परवा तुमची भाची येऊन गेली. या वयातही ती पहिल्याच खेपेला सुईत दोरा ओवते आणि ओवून झाला की माझ्याकडे बघते. माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, तिला अजून चष्मा नाही. तेव्हापासून माझं डोकं फिरलं आहे, आणि तुम्ही आज नसलात तरी ते तुमच्याशिवाय कुणाला सांगणार?

तुम्ही शाळेत ड्रॉइंग मास्तर होतात. सोलापूरच्या मित्राने दिलेला तो डबा-कॅमेरा चार पावलांवरचा माणूस छान टिपायचा, पण जवळचं काही धरलं की सगळं धुरकट. जवळचं टिपायची भिंगं विलायती यादीत होती, आपल्यासाठी ती यादीतच राहिली. मग तुमच्या जुन्या चाळिशीची दांडी मोडली. तुम्ही तिच्या दोन्ही काचा काढून एकावर एक ठेवल्यात, पुठ्ठ्याच्या नळीत बसवल्यात आणि नळी कॅमेऱ्याच्या तोंडावर चढवलीत. "कॅमेऱ्यालाबी चाळिशी लागली बघ," म्हणालात आणि स्वतःच हसलात. त्या काचांतून नेमकं वीतभर अंतरावरचंच स्वच्छ यायचं. म्हणून कॅमेऱ्याला दोरी बांधून वीतभरावर गाठ मारलीत. ती गाठ फुलाला टेकवायची, दोरी सोडायची, की तुम्ही खटका दाबायचात. गाठ टेकवणारी मी होते. दोन वर्षं मीच.

मग आत्या गेली आणि तुम्ही तिच्या मुलीला घरी आणलंत. बिनआईची पोर होती, ठाऊक आहे, मला कुणी आठवण करून द्यायला नको. पंधरा दिवसांत दोरी तिच्याकडे गेली. "तुझा हात हालतो, तिला धरू दे," एवढंच बोललात. तुम्ही शेजारी उभे असलात की मी श्वास रोखून धरायचे, म्हणून हात हलायचा. तुम्ही कधी विचारलं नाहीत. मी जळले, अप्पा. याहून सभ्य शब्द मला आजही सापडत नाही.

संस्थानच्या शेतकी खात्याच्या साहेबांनी जोंधळ्यावर पडणाऱ्या काणी रोगाचे फोटो मागितले. पसंत पडले तर हैदराबादच्या कचेरीत कायम तेच काम मिळणार होतं. लढाईचे दिवस, रोल मिळेना. कसाबसा एक मिळाला, आठ फोटोंचा. त्या सकाळी तुम्ही अंघोळीला गेलात आणि मी गाठ सोडवून दोन बोटं अलीकडे मारली. फोटो बिघडतील, बोल तिला लागेल, दोरी परत माझ्याकडे येईल, एवढाच हिशेब.

येरमाळ्याच्या वाटेवरच्या रानात आपण तिघं आहोत. कणसातले दाणे काणीनं काळे पडलेत. ती गाठ टेकवते. "मामा, लागली. सोडू का?" "सोड, पोरी." मी बांधावर भाकरीचं गाठोडं धरून बसले आहे, आणि त्या दिवशी माझा हात अजिबात हलत नाही.

फोटो सोलापूरहून धुऊन आले. आठही धुरकट. ती रडायला लागली. "मामा, म्या नीट धरलं हुतं." तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात. "तुझं काय न्हाय त्यात. माझेच डोळे गेले." कॅमेरा ट्रंकेत गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही. पुढे नोकरी संपेपर्यंत तुम्ही फळ्यावर आंबे आणि पोपट काढत राहिलात. पोपटाचा डोळा काढताना फळ्याला नाक लावायचात, मुद्दाम, जणू खरंच दिसत नव्हतं.

तुमचे डोळे चांगले होते, अप्पा. गाठ मी सरकवली होती. आणि मला त्या कामापेक्षा, त्या हैदराबादपेक्षा जास्त काय सलतं, तर तो हात. तो तिच्या डोक्यावर होता.

नळी माझ्याकडेच आहे, काचा अजून धड आहेत. हे पत्र गुंडाळून तिच्यातच ठेवते. तुमच्या भाचीला दाखवणार नाही. दाखवलं तर ती मला लगेच माफ करेल, आणि तेवढा मोठेपणाही तिलाच मिळेल.