फडक्यात बांधलेलं भात

मु. खांब, मे १९९९

शेतकी खात्याच्या साहेबांना रंभाचा नमस्कार.

एकदाच रुजणारं, पिकाचा दाणा पुन्हा पेरला तर न उगवणारं परदेशी बियाणं गावात घुसलंय, अशी आवई उठली म्हणून तुम्ही देवळात येऊन सांगितलंत, की तसलं बियाणं देशात आलेलंच नाय, सरकारची त्याला परवानगीच नाय. गेल्या साली तुम्ही दिलेलं भात साधं सुधारित हाय, त्याचंच बियाणं खुशाल पेरा. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

तुमची जीप वळणाआड गेली नाय तोच सासूबाई म्हणाल्या, "सायबाचा काय जातंय गो? नाय रुजला तर वरीसभर आपण खायचा काय?" जुन्या वाणाचा दाणाही घरात नव्हता आणि रोपं करायला राब भाजून तयार होता. त्यांनी त्याच पिकातलं मूठभर भात भिजवलं, फडक्यात बांधलं, चुलीशेजारी पेंढ्यात दडपलं. मला बजावलं, "बोलू नको कुणाला. सायबाचा अपमान व्हईल."

आज फडकं सोडलं तर पांढरे मोड! सासूबाई पोरीसारख्या हसल्या. "रुजला गो रंभे!"

मला राहवेना. शेजारच्या काशीबाईंना सांगायला धावले, तर त्या ओटीवर बसून आपलं फडकं सोडत होत्या. मग कळलं, अख्ख्या आळीत घरोघरी पुरचुंड्या.

हे पत्र मी पेटीत टाकणार नाय, तुम्हाला वाईट वाटेल. पुढच्या खेपेला याल तेव्हा आम्ही पुन्हा माना डोलावू, या वेळी मनापासून.

तुमचा शब्द आम्ही भिजवून बघितला, साहेब. मोड आले.

रंभा केरू मढवी