आधी बॅकअप घ्या

सिंदी मेघे, वर्धा
दि. २३ नोव्हेंबर २०२५

चि. रोशन यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे मी ठीक आहे. तूही ठीक असशील असं धरून चालतो. थंडी पडली आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहायला बसलो. हैदराबादचा तुझा पत्ता जुन्या कुरियरच्या खोक्यावर सापडला. आईच्या गुडघ्यांसाठी तू गरम पाण्याची पिशवी पाठवली होतीस, ते खोकं.

आईचं वर्षश्राद्ध गेल्या आठवड्यात झालं. आंजीहून वच्छलाआत्या आली होती. तुझी चौकशी करत होती. कामात आहे म्हणून सांगितलं.

पत्राचं कारण वेगळं आहे. आईचा लॅपटॉप. तो आता चालू व्हायला चहा होऊन गार होईस्तोवर वेळ लावतो. त्यात पडद्यावर सारखी सूचना येते की विंडोज १० चा काळ संपला, आता सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. आणि ११ या मशीनवर बसत नाही. शेजारचे भैयाजी म्हणाले, "भंगारात दे अन् नवा घे ना बाप्पा." मी एकतीस वर्षं आंजीत पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग केलं. जळालेली मोटार भंगारात टाकणं मला जमत नाही, ही तर नुसती दमली आहे.

नालवाडीत मयुरीबाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्या म्हणाल्या, "काका, विंडोजच्या जागी लिनक्स टाका. फुकट आहे, अन् जुन्या मशीनवर मस्त चालते." मी विचारलं, कोणतं? त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हेच तर सगळ्यात मोठं भांडण आहे." मग त्यांनी नावं सांगितली ती मी डायरीत लिहून घेतली. उबुंटू, मिंट, झोरिन, लुबुंटू, फेडोरा, डेबियन. अजून शेकड्यानं आहेत म्हणे. कपाशीच्या बियाण्याच्या दुकानात गेल्यासारखं झालं. पाकिटं रंगीबेरंगी, प्रत्येकावर बोंडाचा फोटो, आणि आपल्या जमिनीला कोणतं लागेल ते कोणी सांगत नाही.

पंधरा दिवस मी यावर वाचतो आहे. उबुंटू चांगलं, पण चार जीबी रॅमवर जड होईल असं दिसतं. झोरिन दिसायला विंडोजसारखं आहे, म्हणजे माझ्यासारख्याला सोपं. लुबुंटू सगळ्यात हलकं. मिंटबद्दल सगळे बरं बोलतात, पण त्याच्यातही पुन्हा तीन प्रकार. मला काय करायचं आहे, तर बातम्या वाचायच्या, भजनं ऐकायची, आणि मराठीत टाइप करायचं.

तुला यातलं कळतं. तू डिप्लोमाला असताना वर्कशॉपमधल्या माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं होतंस. तेव्हा मी गिऱ्हाइकांसमोर काय बोललो आणि काय केलं ते तुला आठवत असेल. नसेल तर बरं.

आईचा लॅपटॉप किती हळू झाला होता हे तुलाही माहीत आहे. आईच्या आजारपणात घरात साधाच फोन होता आणि लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल लागत नव्हता, म्हणून तुमचं नुसतं फोनवर बोलणं व्हायचं.

कोणतं टाकू, एवढं कळव. एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

तुझे,
बाबा

सिंदी मेघे
दि. १४ डिसेंबर २०२५

चि. रोशन,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. "मिंट, एक्सएफसीई. पेन ड्राइव्हवरून चालवून पाहा. इन्स्टॉल करण्याआधी बॅकअप घ्या." वर्षभरानंतरचे तुझे पहिले शब्द, म्हणून मी ते डायरीत उतरवून ठेवले. फोन हरवला तर जायला नको. त्यात 'बाबा' नव्हतं, पण 'घ्या' होतं, 'घे' नव्हतं. बाहेरच्या माणसालाही आपण 'घ्या'च म्हणतो, हे नंतर लक्षात आलं.

एक्सएफसीई म्हणजे त्या तीन प्रकारांतलं हलकं, असं सांगून मयुरीबाईंनी पेन ड्राइव्ह करून दिला. लॅपटॉप सुरू करताना एफ-बारा दाबायचं, हे मला चौथ्या खेपेला जमलं. आणि मग हिरवा पडदा आला. रोशन, तू म्हणशील म्हातारा वेडा झाला, पण मी टाळी वाजवली. घरात दुसरं कोणी नसताना टाळी वाजवली की तिचा आवाज कसा येतो, ते मला माहीत नव्हतं. मी रेडिओ लावला.

वायफाय धरत नव्हतं. मयुरीबाई फोनवर म्हणाल्या, "मोबाइल केबलनं जोडा काका, मंग ड्रायव्हर घेते ते आपोआप." पण त्या पेन ड्राइव्हवर काही टिकत नाही. बंद केलं की सगळं पुन्हा कोरं. तरी मी रोज दुपारी जेवण झालं की तो लावतो, केबल जोडतो, कीबोर्ड मराठी करतो, दोन ओळी लिहितो आणि बंद करतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. मयुरीबाई रागावल्या. "काका, नुसती ट्रायलच करून राह्यले का? टाकून घ्या ना आता."

बॅकअप राहिला आहे. लॅपटॉपमध्ये आईच्या फायली आहेत. ती टायपिंग शिकत होती, हे तुला माहीत आहे. त्या उघडायला माझा हात होत नाही. न उघडताही कॉपी करता येतात, हे मला कळतं.

स्वयंपाक जमतो आता. वरणाला फोडणी बरी देतो. पोळ्या मात्र बाहेरून आणतो, दोन वेळच्या चार. पोळीवाल्या रुख्माबाईंना वाटतं मी पथ्यावर आहे.

संक्रांतीला येशील का, असं विचारणार होतो. तुझं काम असेल.

तुझे,
बाबा

सिंदी मेघे
दि. १८ जानेवारी २०२६

रोशन,

तू सांगितलंस तसा बॅकअप घेतला. आधी नुसतं कॉपी करायचं ठरवलं होतं. पण मिंट टाकताना ते विचारतं, डिस्क पुसून टाकू का. त्या बटणावर बोट ठेवल्यावर मला वाटलं, पेन ड्राइव्हवर नीट आलं आहे की नाही ते तरी पाहावं. म्हणून मागे फिरलो आणि फायली एकेक उघडल्या. चौदा होत्या. पहिल्या आठ-दहा सगळ्या सरावाच्या. कमळ, बदक, वर्धा, रोशन, रोशन, रोशन. 'श' तिला सापडत नसे, म्हणून ती तुझंच नाव टाइप करत बसायची.

शेवटची फाइल १९ ऑक्टोबर २०२४ ची आहे. ती जशी आहे तशी लिहितो. चुका तिच्याच आहेत.

"रोशन बेटा मी टायपिंग शिकली पाय. हात थरथर करते म्हणून चूक होते. तुह्ये बाबा म्हणते तुले दिवाळीले बी सुट्टी नाई भेटत. जाऊ दे. साहेबासंग भांडू नको नोकरी मोठी आहे. मले राग नाई. तू फोनवर माह्या तब्येतीचं काहीच नाई विचारत, तुले रडू येत असन म्हणून. मी बी काढत नाई. सुट्टी भेटन तवा येजो. पोट दुखते आता बंद करते"

हे वाचून तुला काही कळणार नाही. तू म्हणशील, कोणती सुट्टी? मी तर सुट्टी मागितलीच नव्हती. म्हणून आता पुढचं लिहितो. हे फोनवर माझ्यानं बोलणं झालं नसतं.

तेरवीच्या दिवशी अंगणात तू मला विचारलंस, "बाबा, आई तीन महिने आजारी होती, मले काऊन नाई सांगितलं?" मी म्हणालो, "तुह्या आईनंच नाई म्हटलं. रोशनले बोलावू नका म्हणे." तू माझ्याकडे पाहिलंस, बॅग उचललीस आणि गेलास. जेवलाही नाहीस.

ते खोटं होतं.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की फार तर तीन महिने. आईलाही कळलं होतं. घरी आल्यावर ती म्हणाली, "रोशनले सांगा. माह्यानं बोलणं होत नाई, रडू येते. तुम्ही सांगा." मी हो म्हटलं, फोन घेऊन गच्चीवर गेलो. लावला नाही. पाण्याच्या टाकीजवळ उभा राहिलो आणि खाली येऊन तिला सांगितलं, "सांगितलं त्याले. सुट्टी नाई भेटून राह्यली म्हणे." ती म्हणाली, "बरं."

मग ते एक खोटं सांभाळायला दुसरं. लॅपटॉपवर व्हिडिओ लागत नाही, हे तिलाही सांगितलं आणि तुलाही. रोशन, व्हिडिओ लागत होता. हळू लागायचा, पण लागायचा. तू तिचा चेहरा पाहिला असतास तर तुला एका क्षणात कळलं असतं. दिवाळीला तू येतो म्हणालास, तेव्हा मी म्हटलं आम्ही आंजीला आत्याकडे चाललो, तिकीट काढू नको. आम्ही कुठेही गेलो नव्हतो. लक्ष्मीपूजनाला ती पलंगावर बसून होती आणि मी एक दिवा लावला. दवाखान्यातून मी तुला फोन केला तेव्हा दोनच दिवस राहिले होते, आणि मी तुला सांगितलं फक्त एवढंच, की जरा तब्येत नरम आहे, जमेल तसा ये. तू जमेल तसा आलास. तोवर ती गेली होती.

का केलं, हे मी वर्षभर स्वतःला विचारतो आहे. आधी म्हणायचो, पोराला त्रास नको. तसं नव्हतं. तू आला असतास तर तिला हैदराबादला घेऊन गेला असतास, मोठ्या दवाखान्यात. आणि ती गेली असती, तुझ्यासोबत ती कुठेही गेली असती. उरलेले तीन महिने मला हवे होते. ते मी तुझ्याकडून आणि तिच्याकडून काढून घेतले. घरात एकटं राहायची मला भीती होती, रोशन. एवढंच खरं कारण आहे. दुसरं शोधलं, सापडलं नाही.

तिला शेवटपर्यंत वाटत राहिलं की तुला सगळं माहीत आहे आणि तू येऊ शकत नाहीस. तुला वाटतं की तिनं तुला नको म्हटलं. तुम्ही दोघंही एकमेकांवर रागावला नाहीत, दोघांनीही नुसतं सोसलं. रागावण्यासारखा माणूस मधे मी होतो.

मिंट काल टाकलं. सगळं नीट झालं. मराठी लिहिता येतं, वायफाय धरतं, मिनिटभरात सुरू होतं. मयुरीबाईंनी दुकानातून व्हिडिओ कॉल लावून पाहिला आणि म्हणाल्या, "काका, एकदम क्लिअर दिसून राह्यले तुम्ही." बरं वाटलं म्हणालो आणि बंद केलं.

सोबत पेन ड्राइव्ह आहे, चौदाही फायलींचा. दुसरी कॉपी मी ठेवलेली नाही. त्या तुझ्या आहेत. स्पीड पोस्टानं पाठवतो आहे, सही करून घे.

तुझ्या आईनं तुला दूर ठेवलं नव्हतं, हे तुला कळावं म्हणून लिहिलं. उत्तराची अपेक्षा नाही. माफी मागायला बसलो होतो, पण जिच्याकडे आधी मागायला हवी होती तीच आता नाही, आणि तिच्या वाट्याची तुझ्याकडे मागणं बरोबर वाटत नाही.

खाली आईसारखं 'येजो' लिहिलं होतं, ते खोडलं. खोडलेलं वाचता येत असेल तर येऊ दे.

तुझ्या आईचा आणि तुझा अपराधी,
रूपराव